पाण्यावरच्या कचऱ्याचं वेळापत्रक

मी पहिल्यांदा समुद्र पाहिला तो वयाच्या चौतिसाव्या वर्षी, आणि तोही कामासाठी. आमच्या मराठवाड्यातले लोक समुद्रावर सहलीला जातात, लग्नानंतर फिरायला जातात, फार तर अस्थी घेऊन जातात. समुद्रावरचा कचरा गोळा करायला गेलेली देवगाव रंगारीची मी पहिलीच असेन. पहिल्या दोघांतली एक म्हणा, कारण माझ्याबरोबर आप्पा होते.

आधी माझं काम सांगते. संभाजीनगरजवळच्या एका डेअरीत मी दूध गोळा करणाऱ्या टेम्पोंचे रस्ते आखते. वैजापूर, गंगापूर, कन्नड या तालुक्यांतल्या कोणत्या गावाला गाडीनं आधी जायचं, कुठून वळायचं, कुठं थांबायचं, हे सगळं मी ठरवते. डिझेल कमी लागलं पाहिजे आणि दूध नासलं नाही पाहिजे, एवढ्या दोनच अटी. कॉम्प्युटरवर गावांचे ठिपके टाकायचे, त्यांना जोडणारी सगळ्यात आखूड वाट काढायची. हे मला चांगलं जमतं, आणि चांगलं जमतं हे मला जरा जास्तच ठाऊक होतं.

मेधा माझी कॉलेजची मैत्रीण. चार वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो. ती देवगडच्या बाजूची. आता ती आपल्या गावी पाण्यावर तरंगणारा कचरा गोळा करायचं काम बघते. तिचा फोन आला तेव्हा ती रडकुंडीला आली होती.

"गावातल्या होडीवाल्यांनी आम्हाला दोन होड्या दिल्यात. दिवसभर समुद्रात फिरतो, डिझेल जाळतो आणि दोन पोती घेऊन परत येतो. पुढच्या रविवारी होडीवाल्यांची बैठक आहे. ते होड्या काढून घेणार, मला दिसतंय. तू गाड्यांचे रस्ते आखतेस ना? आमच्या होड्यांचे आख."

मी आठ दिवसांची रजा टाकली. ही बातमी देवगावला पोचली आणि दुसऱ्या दिवशी आप्पा पिशवी घेऊन दारात हजर. आप्पा म्हणजे माझे मोठे चुलते. सारं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलं. मेंढरं विकून चार वर्षं झाली, तेव्हापासून घरात बसून त्यांचा जीव रमत नाही.

"मला बी यायचंय," ते म्हणाले. "समिंदर बघायचाय."

"आप्पा, मी कामाला चालले."

"मग मी काय झोपायला येतोय व्हय?"

पिशवीत बाजरीचं पीठ आणि ठेच्याची बरणी होती. म्हणजे विचारायला नव्हे, सांगायलाच आले होते.

रविवार

प्रवासाचं काय सांगू? बस, मग बस, मग घाटातली बस. आप्पा घाटात प्रत्येक वळणावर "आता गं बया" म्हणत होते, एवढंच.

गावाचं नाव मी लिहीत नाही. मेधाच्या आईनं तशी ताकीद दिली आहे. "नाव लिवलंस तर लोक बघूक येतले, आनि येताना बाटल्यो घेवन येतले," असं त्या म्हणाल्या. देवगड तालुक्यातलं एक लहानसं बंदर, एवढ्यावर भागवा.

समुद्र दिसला तेव्हा मी मोबाईल काढला. आप्पांनी पटक्याचं टोक सावरलं आणि बराच वेळ नुसते बघत राहिले.

"ह्याचं दुसरं टोक कुठं हाय?"

"सरळ गेलं तर अरबस्तान, नाहीतर आफ्रिका," मेधा म्हणाली.

आप्पांनी जरा विचार केला. "मग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले आणि वाळूत बसले.

जेवायला मेधाच्या आईनं तांदळाची भाकरी वाढली. पांढरीशुभ्र, मऊ, कागदासारखी पातळ. आप्पांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि मला हळूच विचारलं, "ही भाकर आजारी हाय का?" सोलकढी त्यांनी गुलाबी ताक समजून प्यायली आणि तीन वाट्या संपवल्या. मासा मात्र ताटात तसाच राहिला. मटण कितीही द्या, पण काटे असलेला जीव खायला त्यांची तयारी नव्हती. "आमच्याकडं काटं बाभळीला असत्यात," असं त्यांनी मेधाच्या आईला समजावून सांगितलं. त्या इतक्या हसल्या की दुसऱ्या दिवसापासून आप्पांच्या ताटात काटे काढलेला मासा पडायला लागला, आणि आप्पा मुकाट्यानं खायला लागले.

सोमवार

मी रात्रीच नकाशा तयार ठेवला होता. गेल्या महिनाभरात मच्छीमारांना कचरा कुठं कुठं दिसला, ती चौदा ठिकाणं मेधानं लिहून ठेवली होती. मी चौदा ठिपके टाकले, सगळ्यात आखूड फेरी काढली, छापली आणि सकाळी सात वाजता पांडूकाकांच्या हातात दिली. पांडूकाका म्हणजे होडीचे तांडेल. साठीचे, काटक, कमी बोलणारे. होडी कुठं न्यायची ते मेधानं सांगायचं आणि न्यायची पांडूकाकांनी, अशी वाटणी होती.

त्यांनी कागद आडवा धरला, मग उभा धरला. "बरां काढलंस गो बाय," ते म्हणाले. "गणपतीसारख्यां दिसता."

आप्पा किनाऱ्यावरच थांबले. पायाखाली जमीन नसेल तिथं माणसाचं काय काम, असा त्यांचा सवाल होता.

पहिल्या ठिपक्यापर्यंत माझी ऐट होती. दुसऱ्या ठिपक्याला मी कागद सोडून काठ धरला. तिसऱ्या ठिपक्याला मी होडीच्या काठावरून वाकून सकाळचे पोहे समुद्राला परत केले. आणि चौदाच्या चौदा ठिकाणी काय होतं? पाणी. निळं, स्वच्छ, निर्लज्ज पाणी. पूर्ण फेरीत एक पोतं थर्मोकोल आणि डाव्या पायाची एक चप्पल मिळाली.

किनाऱ्यावर लागताना मला चूक कळली. वैजापूर काल जिथं होतं तिथंच आज सापडतं. कुठल्या गावानं माझ्या गाडीला चकवून पूर्वेला दहा कोस सरकल्याचं आजवर ऐकलं नाही. इथं मात्र मी महिनाभरापूर्वीच्या बाटलीला भेटायला निघाले होते.

मंगळवार

मग मी ठरवलं, ताजी खबर घ्यायची. पहाटे मासेमारीहून परतणाऱ्या होड्यांकडून मेधानं फोनवर माहिती घेतली. दोन ठिकाणी कचऱ्याचा लांब पट्टा दिसला होता. मेधा दुसऱ्या होडीतून दक्षिणेला गेली, मी पांडूकाकांबरोबर उत्तरेला. या वेळी आप्पाही चढले. कालची माझी कीर्ती गावभर झाली होती. "तू ओकून ओकून मेलीस तर तुझ्या बापाला काय सांगू?" म्हणून ते आले, होडीच्या मधोमध बसले आणि दोन्ही हातांनी फळी धरून ठेवली.

पट्टा खरंच दिसला. फेसाची लांबलचक रेघ आणि तिच्यात बाटल्या, पिशव्या, दोऱ्या. मी आनंदानं ओरडले, "काका, सरळ घ्या! मधून घ्या!"

पांडूकाकांनी माझ्याकडे पाहिलं. टोपी खाली ओढली. होडी सरळ घातली. पंचवीस हातांवर इंजिननं घरघर केली, किंचाळलं आणि बंद पडलं.

पाण्याखाली एक जुनं, तुटलेलं जाळं होतं. ते इंजिनच्या पंख्याला गुंडाळलं गेलं होतं. काकांनी इंजिन वर उचललं, कोयत्यानं जाळं कापलं, पण आत पंखा धरून ठेवणारी पिनच तुटली होती आणि दुसरी पिन होडीत नव्हती. फोन लावला. मेधाची होडी पार दुसऱ्या टोकाला होती, यायला दीड-दोन तास लागणार.

"नांगर टाकू या ना," मी म्हटलं.

"हंय नांगर टेकाचो नाय. दोर आखूड आसा." काकांनी बिडी काढली. "भिया नको. जाव दे जंय जाता थंय."

भिऊ नको म्हणणं सोपं होतं. होडी आपसूक सरकत होती आणि ज्या बाजूला सरकत होती त्या बाजूला काळे खडक समुद्रात घुसलेले होते. लाटा त्यांच्यावर फुटताना लांबूनही ऐकू येत होत्या. मला पोहता येत नाही. आप्पांना विहिरीत पोहता येतं, पण विहिरीला काठ असतो. अंगावरच्या नारिंगी जॅकेटाचे बंद मी पुन्हा पुन्हा घट्ट करत राहिले.

घाबरले की मला काहीतरी लिहून काढायची सवय आहे. गाडी बंद पडल्याचा फोन आला की मी आधी वेळ आणि ठिकाण लिहिते. तसंच केलं. दर दहा मिनिटांनी मोबाईलवर आम्ही कुठं आहोत ते बघायचं आणि वहीत टिपायचं. हात कामात राहिले की पोटही जरा शांत राहतं.

तासाभरानं आप्पा म्हणाले, "सुमे, तो निळा कॅन बघ."

होडीच्या उजव्या अंगाला एक निळा प्लास्टिकचा कॅन तरंगत होता.

"मघापासून बघतोय, आपल्यासंगंच चाललाय. आपल्या पुढं बी जात नाय, मागं बी ऱ्हात नाय."

मी पाहिलं. कॅनच्या मागं बाटल्या, बाटल्यांच्या मागं थर्मोकोलचे तुकडे. सगळी वरात आमच्याबरोबर, आमच्याच चालीनं निघाली होती. मी ज्यांना गोळा करायला आले होते, त्यांच्यातच सामील झाले होते.

खडक जवळ आले. लाटांचे तुषार तोंडावर यायला लागले. आप्पांनी माझा दंड धरला. किती जोरात धरला ते संध्याकाळी निळा डाग बघून कळलं. पांडूकाका उठले, वल्हं पाण्यात घालून दोन-चार जोराचे हात मारले आणि होडीचं तोंड किंचित वळलं. खडकाचा कोपरा आमच्या बाजूनं, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळून गेला. तो मागं पडला आणि आवाजच बंद झाला. खडकाच्या आडोशाला पाणी तळ्यासारखं शांत होतं. काकांनी तिथं नांगर टाकला. टेकला.

मी मान वर केली. आमच्या चारी बाजूंना कचरा होता. बाटल्या, डबे, जाळी, चपला, गोधडीसारखा पसरलेला, इतका दाट की खालचं पाणी दिसत नव्हतं. पाच मिनिटांत आमचा निळा कॅनही डुलत डुलत येऊन त्यांच्यात बसला.

"काका! हे इथं जमतं?"

"सुकतीक सगळो हंयच येता." सुकती म्हणजे ओहोटी. "मगे भरती लागली की पांगता."

"तुम्हाला माहीत होतं?"

"दर्यात जन्म गेलो माझो. ठावक नसतला?"

"मग सांगितलं का नाही?"

पांडूकाकांनी बिडीचं थोटूक शांतपणे काडेपेटीत ठेवलं. समुद्रात टाकलं नाही. "तू कागद दाखवलंस," ते म्हणाले. "इचारलंस खंय?"

आप्पा इतक्या मोठ्यांदा हसले की खडकावरचे बगळे उडाले.

बुधवार

मंगळवारी मेधाच्या होडीनं आम्हाला ओढून परत आणलं होतं. बुधवारी होडी काढलीच नाही. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्याच्या सावलीत मी पांडूकाकांच्या समोर वही घेऊन बसले आणि जे पहिल्या दिवशी करायचं ते केलं, विचारलं. मेधाही बसली. तिला माझ्याहून जास्त लाज वाटत होती. दोन वर्षं ती ज्या माणसाला "काका, डावीकडे घ्या" म्हणत होती, त्याच्याकडे पूर्ण समुद्र पाठ होता.

काका बोलले आणि थांबेचनात. ओहोटीला पाणी कसं खडकाला वळसा घालतं, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला किती जोर असतो, मधल्या दिवसांत कसा कमी होतो, दुपारचा वारा काय करतो. कालच्या वहीतल्या माझ्या नोंदी नकाशावर मांडल्या तर काका बोटानं दाखवत होते तीच वळणदार रेघ निघाली. म्हणजे होडीनं कचऱ्यामागं फिरायची गरजच नव्हती. ओहोटी संपायच्या तासभर आधी खडकाच्या आडोशाला जाऊन थांबायचं आणि भरती लागायच्या आत उरकायचं. अडचण एकच. ओहोटी रोज पाऊण-एक तास पुढं सरकते, आणि मेधाची माणसं रोज सकाळी सातला निघत होती, कारण सात ही निघायची बरी वेळ आहे.

आप्पा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आन् दोन होड्या कशाला एकामागं एक पळवता? मेंढरं वाड्यात घालताना दोन मानसं दोन अंगाला लागत्यात. मधी जाळी धरा."

पांडूकाकांनी आप्पांकडे पाहिलं, मग जुन्या जाळ्यांच्या ढिगाकडे. "म्हातारो हुशार आसा," ते मला म्हणाले. आप्पांना "म्हातारो" तेवढं कळलं आणि ते तासभर रुसले.

गुरुवार ते शनिवार

गुरुवारी आम्ही सव्वाअकराला निघालो. दोन होड्या, मध्ये जुनं जाळं, इंजिनं अगदी हळू. आप्पा आमच्या होडीच्या टोकाला उभे होते. फळी सोडून उभे! आणि कचऱ्याला "हुर्र, हुर्र, च्यक च्यक" करत होते. कचरा ऐकत होता असं मी म्हणणार नाही. पण जाळ्यात येत होता.

दीड तासात दोन्ही होड्या भरल्या. बाटल्या, थर्मोकोल, हेल्मेट, मणभर नायलॉनची जाळी आणि चपला. सगळ्या एकेकट्या. आप्पांनी जोडी लावायचा फार प्रयत्न केला. तीन पायांची एक प्लास्टिकची खुर्चीही मिळाली. आप्पा परतीला तिच्यावर तोल सांभाळत बसले आणि बंदरात असे शिरले की जेट्टीवरचे लोक उभे राहिले.

शुक्रवारी माझ्या अंगात पुन्हा हुशारी आली. मोबाईलवर भरती-ओहोटीच्या वेळा सापडल्या होत्या, मिनिटांसकट. काका म्हणाले, निघू या. मी म्हटलं, अजून चाळीस मिनिटं आहेत. पोचलो तेव्हा भरती लागून गेली होती आणि कचरा हातपाय पसरून सगळीकडे निघाला होता. मोबाईलवरच्या वेळा दुसऱ्याच, लांबच्या बंदराच्या होत्या. काकांनी रिकाम्या जाळ्याची घडी करून ती माझ्या मांडीवर ठेवली.

शनिवारी काका म्हणाले तेव्हा निघालो आणि होड्या पुन्हा भरून आल्या.

रविवारची बैठक

बर्फाच्या कारखान्याच्या अंगणात वीसेक होडीवाले जमले. मेधानं कचऱ्याचा ढीग दाखवला. लोकांनी माना डोलावल्या, पण सुलभाकाकी उठल्या. दोनपैकी एक होडी त्यांची. नवरा गेल्यापासून माणसं लावून त्याच होडीवर घर चालवतात.

"कचरो काढूक होयो, माका पटता," त्या म्हणाल्या. "पन होडी दिसभर ह्यांच करीत रवली तर आमी खावचां काय?"

त्यांचं खरंच होतं. मेधानं माझ्याकडे पाहिलं. मी वही उघडणार होते, तेवढ्यात पांडूकाका उठले. सगळ्यांसमोर बोलायची त्यांना सवय नव्हती. टोपी काढून त्यांनी ती हातात पिळली.

"दिसभर नको, सुलभा. दोन तास. सुकतीचे. तेवा तशीय होडी उभीच आसता." मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ह्या चेडवान वेळ काढून दिल्यान हा. बरोबर आसा. मी बघितलंय."

शुक्रवारबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत.

सुलभाकाकींनी त्यांना तीन-चार उलट प्रश्न विचारले. मग म्हणाल्या, "दोन तास तर दोन तास. पन पिन तुटली तर तूच घालूची." अंगणात हशा पिकला. होड्या राहिल्या. मेधा कारखान्याच्या मागं जाऊन रडून आली आणि डोळ्यांत बर्फ गेला म्हणाली.

निघायच्या आधी मी महिनाभराचं वेळापत्रक करून कारखान्याच्या भिंतीवर चिकटवलं. आप्पांनी उरलेला ठेचा मेधाच्या आईला दिला. त्यांनी आप्पांना बरणीभर आमसुलं दिली.

घरी

आता सव्वा महिना झाला. परवा रविवारी मी देवगावला गेले होते. आप्पा ओट्यावर बसले होते. मेधानं पाठवलेला फोटो मी त्यांना दाखवला.

फोटोत माझं वेळापत्रक होतं. किंवा जे काही उरलं होतं ते. जवळजवळ प्रत्येक वेळ निळ्या खडूनं खोडलेली होती आणि बाजूला दुसरी लिहिली होती. कुठं वीस मिनिटं आधी, कुठं अर्धा तास नंतर. एका ओळीपुढं "वारो फिरलो". महिना संपल्यावर कागद संपला, तर पुढचे दिवस कुणीतरी थेट भिंतीवरच लिहीत गेलं होतं. एक अक्षर पांडूकाकांचं होतं, दुसरं सुलभाकाकींचं असावं. माझे छापलेले आकडे खडूच्या निळ्या रेघांखाली पुसट झाले होते. डेअरीत माझ्या वेळापत्रकाला कुणी हात लावला तर मी दिवसभर फणफणते. हे बघताना मात्र मला कितीतरी वेळ हसू येत होतं.

"सगळं खोडलं की गं तुझं," आप्पा म्हणाले.

"हो. रोज वापरतात."

आप्पांनी फोटो लांब धरून, जवळ धरून पाहिला. समोर रानात ऊन उतरायला लागलं होतं, कपाशीच्या पऱ्हाट्या वाऱ्यावर खडखडत होत्या. समुद्र तिथून इतका लांब होता की त्या दिशेला बोट दाखवायचं तरी विचार करावा लागला असता.

"सुमे," ते म्हणाले, "आत्ता तिथं पानी कसं आसंल?"

मी घड्याळात पाहिलं. बोटांवर दिवस मोजले.

"ओसरतंय, आप्पा," मी म्हटलं. "आता निघाले असतील."